रफूगाराचा उजवा डोळा

रफू असं हवं, की कोट शिवणाऱ्यालाही फाटलं कुठं होतं ते सापडू नये. रफूगारानं चाळीस वर्षं खिडकीशी बसून हेच केलं.

कपाळाची उजवी बाजू ठणकू लागली तेव्हा त्यानं चष्म्याला दोष दिला. मग भुवईवर पाण्याचे फोड आले, एक नाकाच्या शेंड्यावरही.

बायको म्हणाली, "नागीण दिसतेय. डॉक्टरकडे चला."

"शनिवारी कोट द्यायचाय. शब्द दिलाय."

"कोट काय पळून जातोय?"

तो गेला सोमवारी, डोळा चिकटून बसला तेव्हा. नाकावरचा फोड पाहून डॉक्टरबाई गंभीर झाल्या. "लहानपणी कांजिण्या झालेल्या ना? तोच विषाणू, इतकी वर्षं अंगात दडून बसलेला."

"बिनभाड्याचा भाडेकरू!" रफूगार हसायला गेला आणि कळवळला.

"फोड आल्या आल्या यायला हवं होतंत. नाकावर फोड म्हणजे डोळ्यालाही धोका. गोळ्या आजच सुरू करा, आणि इथून थेट डोळ्यांच्या दवाखान्यात जा."

गोळ्या दिवसातून पाच वेळा, डोळ्यात थेंब, फोडांवर गार ओल्या फडक्याची घडी. बायकोनं काही चुकवलं नाही. मुलीला सातवा महिना होता, कांजिण्या तिला कधीच झाल्या नव्हत्या. म्हणून ती जिन्याखालूनच विचारायची, "बाबा, बरं वाटतंय का?"

"झकास. तू वर येऊ नकोस."

महिन्याभरात खपल्या गळाल्या. दुखणं मात्र मुक्कामालाच राहिलं. पंख्याचा वारा लागला तरी कपाळात वीज चमकायची. नसांच्या गोळ्यांनी दुखणं जरा बोथट झालं, पण हातही जड झाला. बुबुळावर पांढुरका डाग उरला. नजर परतायची नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं.

तरी तो एकदा काळा कोट घेऊन बसला. सुई धाग्यावरून गेली की खालून, एका डोळ्याला कळेना. दोन तासांनी त्यानं कोट बायकोपुढे धरला.

"दिसतंय?"

कामाबाबत ती त्याच्याशी कधी खोटं बोलली नव्हती. "दिसतंय," ती म्हणाली.

त्यानं टाके उसवले. आठवड्याभरात सगळ्यांचे कपडे परत गेले.

नात झाली. मुलीनं ती त्याच्या मांडीवर ठेवली, तिचा इवला हात त्याच्या कपाळाकडे आला, आणि त्यानं झटकन मान मागे घेतली. बाळ दचकून रडू लागलं.

"घे हिला," तो बायकोला म्हणाला.

पुढच्या तपासणीला त्यानं विचारलं, "हे थांबणार कधी?"

"काहींचं वर्षभरात कमी होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काहींचं नाही होत."

"मी कुठल्यातला?"

त्यांनी त्याच गोळ्या पुन्हा लिहून दिल्या.