तात्यांच्या गच्चीवरचा डबा

तात्या कुठलंच यंत्र कुंकू लावल्याशिवाय चालू करू देत नसत. पाण्याची मोटर, मिक्सर, सुनेचा लॅपटॉप, कुणाचीही सुटका नव्हती. कळंबच्या अलीकडे हायवेलगत त्यांच्या गच्चीवर हवेतली धूळ गोळा करणारा आमचा डबा बसवला, तेव्हा माझी पाठ वळताच आतल्या पांढऱ्या फिल्टरलाही बोट लागलं.

पुण्याच्या प्रयोगशाळेत त्या फिल्टरवर क्ष-किरण सोडले. अशा वेळी धुळीतलं एकेक मूलद्रव्य आपापली ओळख देतं; इथे एकट्या शिशानंच आरडाओरडा केला. आमचे साहेब हरखले, हायवेवरच्या शिशाबद्दल शोधनिबंधाचं शीर्षकही ठरवून बसले. मग कुणीतरी फिल्टर साध्या डोळ्यांनी पाहिला. कडेला लाल बोट! शिसं हायवेचं नव्हतं, भेसळीच्या कुंकवातलं होतं. साहेब आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

"अवो, मशीन नवं व्हतं," तात्या म्हणाले. "तसंच कसं चालू करायचं?"

गच्ची त्यांनी दिली होती ती बायकोसाठी, म्हणजे काकूंसाठी. काकूंना दमा; त्या भिंतीला टेकून बसूनच झोपत. तात्यांचा राग पलीकडच्या खडी क्रशरवर. "भाऊ, त्याचं नाव आलं पायजे तुमच्या रिपोर्टात. लई छळलंय त्यानं आमच्या माणसाला." एरवी गावभर ऐकू जाणारा आवाज तेवढ्या वाक्याला खाली यायचा.

बिनकुंकवाच्या फिल्टरांवर क्रशरची धूळ निघाली, पण बेताची. जस्त मात्र भरमसाट. टायर जाळले की ते असं येतं, आणि टायर जळत होते खुद्द तात्यांच्या गुऱ्हाळात. उसाचं चिपाड ओलं असलं की चुलवाणात टायरचा तुकडा जायचा. मी चाचरत सांगितलं.

"काय बोलताय राव! माझा धूर सरळ वर जातो. घरात येतच नाय."

धुराला त्यांनी बहुधा तशी ताकीद दिली असावी.

फिल्टर आठवड्यातून एकच दिवस लावायचो. पुढच्या फिल्टरांतून जस्त गायब झालं, तेव्हा मी खुशीत तात्यांचं अभिनंदन करायला गेलो. त्यांनी ते हसतमुखानं स्वीकारलंही. इतक्यात काकू चहा घेऊन आल्या.

"भाऊ, तुमचं यंत्र रोज लावा की," त्या म्हणाल्या. "तुमी येता त्या दिवशी ह्यांच्या चुलवाणात टायर नसतो. तेवढा एक दिवस मला श्वास पुरतो."

तात्या बशीत ओतलेल्या चहाकडे बघत राहिले.

काम संपलं तसा मी डबा उतरवायला गेलो. तात्या जिन्यात आडवे उभे.

"आतलं मशीन न्या. डबा ऱ्हाऊ द्या."

"मोकळा डबा काय कामाचा, तात्या?"

"ह्यो वर दिसला की माझा हात टायरकडं जात नाय."

डबा गंजून वाया गेला असं मी साहेबांना ठोकून दिलं. गेल्या दसऱ्याला सहज डोकावलो. डबा जागेवर होता, कुंकवाचा जाड थर चढलेला. मी मोठ्यानं हाक मारणार, तोच तात्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

आतल्या खोलीत काकू आडव्या होऊन झोपल्या होत्या.