एका बोटाने सरकवलेली डिस्क

दुकानदाराने महागडी एसएसडी दोन्ही हातांनी काचेवर ठेवली आणि स्वस्तातली एका बोटाने सरकवली. आकाराने दोन्ही सारख्याच, पत्त्यांच्या कॅटाएवढ्या.

माझा जुना लॅपटॉप सुरू होईपर्यंत प्रॅक्टिकल अर्धं संपतं, म्हणून वेगवान डिस्क घ्यायला मी अण्णांना घेऊन आले होते.

"काका, पोरीच्या शिक्षणात कंजुषी करता का?" दुकानदार हसत म्हणाला.

अण्णांचा हात लगेच खिशाकडे गेला. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. शिक्षणाच्या नावाने अण्णांना कोणीही काहीही विकू शकतं.

मी चाचरत विचारलं, "पण माझ्या लॅपटॉपमध्ये या महागडीचा जास्तीचा वेग मिळेल का?"

"तसा नाही मिळणार. पण कंपनी मोठी आहे ना!"

मला किळस आली. कदाचित मी जास्तच बोलत असेन, पण बापाची माया हेरून तिच्यावर भाव लावणारी माणसं फार हलकी वाटतात. महागड्या खोक्यापुढे त्यांचे दोन्ही हात अदबीने पुढे येतात, आणि आमच्यासारख्यांसाठी एक बोट पुरतं.

"ती दुसरी द्या," मी म्हटलं.

"साधी? बघा बुवा," त्याने तोंड वाकडं केलं.

अण्णांनी सदऱ्याला हात पुसले आणि ती साधी डिस्क ओंजळीत घेतली. "यात तुझा सगळा अभ्यास मावेल ना गं?"

"मावेल, अण्णा."

त्यांनी ती पुस्तकासारखी कपाळाला लावली. दुकानदार फिसकन हसला. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.