मॅडमचा आवाज उतरला की

अख्ख्या कोल्हापुरात हळू बोलणारं माणूस सापडणं अवघड. आणि जिच्या हळू बोलण्यानं अख्खं हॉस्पिटल धावत सुटावं अशी बाई तर मी जन्मात एकच पाहिली. ती म्हणजे आमच्या मॅडम. अपघात आणि तातडीच्या विभागाच्या त्या प्रमुख, आणि आम्ही त्यांच्या हाताखाली शिकणारे डॉक्टर. या गावात लोक लाडानंही भांडल्यासारखं बोलतात. त्यात मॅडम हातकणंगल्याकडच्या जैन शेतकऱ्याच्या घरातल्या, त्यामुळे आवाज एका बांधावरून दुसऱ्या बांधावर सहज जाणारा. पण त्यांचं गणित उलटं होतं. मॅडम ओरडत असल्या की समजावं, पेशंट ठणठणीत आहे. "आरं मेल्या, हेल्मेट काय आरशाला अडकवायला दिलंय व्हय?" असं त्या टाके घालताना गरजल्या की बाहेर उभ्या आईच्या जिवात जीव यायचा. आवाज उतरू लागला की आमचे कान टवकारायचे. आणि त्या अगदी कानाशी येऊन, "बाळा, नळी दे," असं मायेनं म्हणाल्या, की यमराज दारात चपला काढतोय हे ओळखून आम्ही कामाला लागायचो.

मी नाशिककडचा. पहिल्या आठवड्यात मॅडम येईल त्याला "या पावणं" म्हणायच्या, तेव्हा मला वाटलं, या बाईंचे केवढे नातेवाईक आजारी पडतात! त्या आम्हाला तपासणीच्या मशीनजवळ जाऊच द्यायच्या नाहीत. आधी दाराशी उभं करायच्या आणि येणारा माणूस नुसता चालत आत येईपर्यंत त्याला काय झालंय ते सांगायला लावायच्या. एकदा कागलच्या एमआयडीसीतले एक सुपरवायझर ढेकर देत आले. "मिसळ जरा जास्त झाली बगा. पित्ताची गोळी द्या, सुटतो." भर थंडीचे दिवस होते. मी गोळी द्यायला वळलो, तेवढ्यात खोलीच्या त्या टोकाला दुसऱ्याच पेशंटला झापणाऱ्या मॅडम मध्येच थांबल्या, जवळ आल्या आणि पुटपुटल्या, "थंडीत कपाळ पुसणारा पावणा पित्ताचा नसतो रे." हृदयाचा आलेख काढला तर हृदयविकाराचा झटका चालू होता. ते गृहस्थ मात्र स्ट्रेचरवर आडवे पडतानाही आमच्याशी वाद घालत होते, "आवो, पर मिसळच खाल्ली हुती की!"

मॅडम सूर्य बुडाल्यावर जेवत नसत. हे व्रत घरी पाळणं सोपं, आमच्या विभागात मात्र अशक्य कोटीतलं, कारण ट्रॅक्टर, मोटारसायकली आणि दम्याचे झटके या सगळ्यांची वेळ नेमकी दिवेलागणीची. ऊन उतरू लागलं की आम्ही त्यांना डब्यासमोर बसवायचो आणि दारात पहारा द्यायचो. कितीतरी वेळा झाकण उघडलं आणि ॲम्ब्युलन्स आली. मॅडम झाकण लावून उठायच्या. परत यायच्या तेव्हा खिडकीबाहेर काळोख. "जाऊ दे, पोट हलकं असलं की डोकं चालतंय," म्हणून डबा आमच्याकडे सरकवायच्या. त्यातली भाकरी आम्ही वाटून खायचो.

पण त्यांच्यापुढे मी खऱ्या अर्थानं हात जोडले ते एका ऊसतोड मजुरामुळे. कागलच्या बाजूच्या एका गावातून त्याला सकाळी त्याच्या भावानं आणलं. खोपीत जमिनीवर झोपला होता, पहाटे पोट दुखू लागलं, एवढीच तक्रार. अंगावर कुठे चावल्याची खूण नाही. फक्त पापण्या जड. मॅडमनी पाहिलं आणि आवाज पार तळाला गेला. "मण्यार. या सापाच्या चाव्याची खूणबी दिसत न्हाय." लगेच सर्पविषावरचं औषध सुरू झालं. तरी दुपारपर्यंत तो लाकडासारखा झाला. श्वास मशीनवर, बोटही हलेना, डोळ्यांत बॅटरी मारली तरी बाहुल्या स्थिर. भाऊ हात जोडून म्हणाला, "म्याडम, आता सोडा. घरी न्हेतो. जे हुयाचं ते घरात हूं दे." त्याचं चूक होतं असं तिथल्या कुणालाच वाटलं नाही.

मॅडम पुढे झाल्या. पेशंटच्या कानाशी वाकल्या. "आण्णा, मी डॉक्टर बोलतीय. तुमाला समदं ऐकू येतंय, मला ठावं हाय. इषानं अंग बांधलंय, म्हणून हलता येत न्हाय. मशीन तुमच्यासाठी श्वास घेतंय. भ्याचं न्हाय. इष उतरतंय." मग भावाकडे वळून, "याच्यासमोर मरणाची भाषा न्हाय करायची. घरचं बोला."

भाऊ गोंधळला. आम्हालाही वाटलं, मॅडम त्याची समजूत घालतायत. शेवटी तो चाचरत म्हणाला, "आण्णा... म्हस याली बग. रेडी झाली." आणि तोंडावर टॉवेल दाबून बसला. त्यानंतर मॅडम जाता-येता त्या निश्चल माणसाला सकाळ झाली की संध्याकाळ, बाहेर ऊन आहे की आभाळ, सगळं सांगत राहिल्या. नर्सबाईही सांगू लागल्या. मग आम्हीही.

काही दिवसांनी त्याच्या पायाचा अंगठा हलला. मग पापणी. नळी काढली तेव्हा घोगऱ्या आवाजात तो पहिलं वाक्य भावालाच बोलला, "मला घरी न्हेनार हुतास व्हय रं?"

भाऊ त्याच्या पायावर कोसळून रडला. पेशंट मॅडमकडे वळला. "तुमचा आवाज धरून पडलोतो, बाई."

"मग आता उठून बसा की पावणं! खाट अडवून ठेवलीया नुसती!" मॅडम अशा गरजल्या की शेजारचा पेशंट दचकला. मग तोंड धुवायला गेल्या आणि बराच वेळ आल्याच नाहीत.

निवृत्त झाल्यावर त्या शेतावर राहायला गेल्या. मागच्या हिवाळ्यात मी भेटायला गेलो, तेव्हा अंगणात सुपात पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी उत्साहानं त्या ऊसतोड मजुराचं काढलं, सुपरवायझरचं काढलं. त्या ऐकत राहिल्या.

"तुला वाचलेली माणसं आठवतात," त्या म्हणाल्या. "ती उठली न् आपापल्या घरी गेली. जी न्हाई गेली, ती माझ्याकडंच हाईत."

 मग माझ्याकडे पाहत त्यांनी विचारलं, "तुझ्याकडं पण जमली असतील की आता थोडी?"

"जमलीत, मॅडम."

त्यांनी मान हलवली, सूप आमच्या दोघांच्या मधे सरकवलं, आणि आम्ही शेंगा सोलत बसलो.