अण्णांची उभी रेघ

फोटो काढून घ्यायला बुजणारी माणसं जगात पुष्कळ असतील. पण फोटो काढायलाच घाबरणारा, आणि तरीही कॅमेऱ्याशिवाय घराबाहेर पाऊल न टाकणारा माणूस सबंध बेंगळुरूत एकच, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोची थोरली बहीण म्हणजे अक्का, आणि त्यांचे यजमान म्हणजे आमचे अण्णा. मूळचे बेळगावकडचे, सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून हयात घालवलेले, आता बनशंकरीत निवृत्त. गळ्यात फिल्मचा एक छोटा जपानी कॅमेरा, नोकरीत नवे असताना घेतलेला. दिसायला तळहाताएवढा, वजनाला वरवंट्याचा धाकटा भाऊ. त्यात आपोआप काही होत नाही. सगळं हातानं करायचं, आणि हातानं करायची प्रत्येक गोष्ट बिघडण्यासाठीच असते, असा अण्णांचा अनुभव आहे.

काळजीची सुरुवात हवेपासून. ओल धरली की लेन्सला बुरशी येते, म्हणून कॅमेऱ्याचा मुक्काम डाळीच्या जुन्या स्टीलच्या डब्यात, भोवती ओल शोषणाऱ्या पांढऱ्या पुड्या. नातलगांत कुणी नवे बूट घेतले की पहिला फोन अण्णांचा. "खोक्यातली पुडी टाकून नाही न्हवं दिलास?" फिल्मचे रोल फ्रिजमध्ये, लोण्याच्या कप्प्यात, लोणी आपलं बाहेर वितळत बसलेलं. आणि रोल भरणं हा तर साक्षात विधी. फिल्मचं टोक आत नीट अडकलं नाही तर कॅमेरा खट्खट् वाजतो, आकडा पुढे सरकतो आणि फोटो एकही निघत नाही. अडकलं असेल तर लिव्हर ओढताना डावीकडची कळही फिरते. ती फिरली याला अण्णांना साक्षीदार लागतात. दारात आलेल्या भाजीवाल्यालासुद्धा कोथिंबीर खाली ठेवायला लावून "स्वल्प नोडप्पा", म्हणजे 'जरा बघ बाबा', असं म्हणत त्यांनी कळ दाखवली होती. तो बिचारा "सरी, सरी" म्हणाला, तेव्हा कुठे गौरीच्या सणाचा आमचा फोटो निघाला.

पण खरी परीक्षा फोकसची. कॅमेऱ्यातून पाहिलं की मधोमध एक वर्तुळ दिसतं, आडवं कापलेलं. त्यात एखादी उभी रेघ धरायची. फोकस नसेल तर रेघ तुटते, वरचा तुकडा इकडे आणि खालचा तिकडे. लेन्सचं कडं फिरवत दोन्ही तुकडे जुळवायचे, जुळले की दाबायचं बटण. त्यामुळे अण्णा माणसं बघतच नाहीत, रेघा शोधतात. माझ्याकडे एकदा बराच वेळ रोखून पाहून म्हणाले, "नाक वाकडं, डोक्यावर केस नाहीत. तुला जुळवू तरी कशावर?" फोनमध्ये हजारो फोटो भरून त्यातला एकही वेळेवर न सापडणारा मी, मला काय बोलायची सोय? अक्कांचा फोटो मात्र हमखास येई. मधोमध सरळ भांग, काळ्या केसांत ओळंब्यानं आखल्यासारखा. अण्णांनी आयुष्यभर त्या भांगावर फोकस केला. घरातल्या प्रत्येक समारंभाच्या फोटोत अक्का मध्यभागी असतात, त्याचं कारण मान नव्हे, भांग.

अलीकडे मात्र फोटो धुरकट यायला लागले. अण्णांनी आधी जयनगरच्या रोल धुणाऱ्या दुकानाला दोष दिला, मग मेट्रोच्या कंपनांना, शेवटी अक्कांना. "केस पांढरे करून घेतलीस. आता रेघ कुठं धरू मी?"

"मग डांबर लावून बसू काय?" अक्का म्हणाल्या.

इलेक्ट्रॉनिक सिटीत आमच्या मुलीच्या फ्लॅटची वास्तुशांत झाली, तेव्हा अण्णांनी सगळ्या गोतावळ्याला पांढऱ्या भिंतीवरच्या काळ्या गॅसपाइपच्या दोन पावलं पुढे उभं केलं आणि फोकस पाइपवर धरला. फोटो आला तो असा, की पाइपवरची अक्षरंसुद्धा वाचता यावीत आणि जावई कोणता ते विचारावं लागावं. आम्ही हसून हसून बेजार झालो. अक्का तेवढ्या हसल्या नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्या अण्णांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या.

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, चांगलाच पिकलेला. डावा लहानपणापासून अधू. "एकच डोळा आहे रे माझा," अण्णा मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्यालाच सुरी लावून घेऊ? बिघडलं तर?" या माणसाच्या काळजीला मी पहिल्यांदाच हसलो नाही. ऑपरेशन पुढे ढकलायला त्यांनी सबबही कॅमेऱ्याच्याच घराण्यातली काढली. "रोल अर्धा राहिलाय. तेवढा संपू दे." आणि रोल काही संपेना, कारण ते फोटोच काढीनात. शेवटी अक्कांनी एका सकाळी कॅमेरा हातात घेतला आणि तुळस, गेट, कुकर, समोरच्यांचं मांजर, जे दिसेल त्यावर बटण दाबून एकच फोटो शिल्लक ठेवला.

ऑपरेशनच्या दिवशी मी गाडी घेऊन गेलो. अण्णा व्हरांड्यात, कॅमेरा गळ्यात, चेहरा उतरलेला. "तेवढा एक संपवतो," म्हणाले. "तिचा. मग निघू."

अक्का बाहेर आल्या. जन्मभर गोल टिकली लावणारी ही बाई. आज भुवयांच्या मधून थेट केसांपर्यंत कुंकवाची उभी चिरी, चांगली बोटभर रुंद. मला राहवलं नाही. "अक्का, आज कुठल्या देवळात?"

"गप बसा भावजी," त्या म्हणाल्या, आणि उजेडाकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

अण्णांनी कॅमेरा डोळ्याला लावला. कडं फिरवलं, थोडं मागे आणलं, परत फिरवलं. एरवी "हलू नका, श्वास घेऊ नका" म्हणून वीट आणणारा हा माणूस. त्या दिवशी हलकेच एवढंच म्हणाले, "जुळली." खट् झालं.

ऑपरेशन सुखरूप पार पडलं. अण्णा आता डाव्या डोळ्याच्या काळजीत आहेत, अक्का पुन्हा टिकली लावतात, आणि पांढऱ्या केसांतला भांगसुद्धा अण्णांना लख्ख दिसतो. परवा तो फोटो धुऊन आला. कपाळावरची चिरी, पापण्या, ओठाच्या कोपऱ्यातलं दाबलेलं हसू, सगळं स्वच्छ. मी म्हटलं, "अण्णा, तेव्हा तर नीट दिसत होतं की तुम्हाला!"

त्यांनी फोटो पुसला, पुसायला त्यावर काही नसतानाही. "कुठलं रे," म्हणाले. "नुसती लाल रेघ दिसत होती. चेहरा काय, तो मला पाठ आहे."