ताकदीचं सलाईन

सलाईनची बाटली खिडकीच्या गजाला नाडीनं बांधलेली होती. ती मी लावलेली नव्हती.

मी दारातच थबकले. हात अजून ओले होते. जेवायला उठले तेव्हा या खोलीत फक्त पल्लवी आणि तिचा नवरा नीलेश होते. तेव्हा पल्लवी कळ आली की लांब श्वास सोडायची, कळ गेली की पाणी मागायची. आता ती पलंगाची कड धरून ओरडत होती, आणि तिच्या हाताला सुई होती.

"हे कोणी लावलं?" मी विचारलं.

पल्लवीनंच सांगितलं, एकेक शब्द तोडत. "तुम्हीच पाठवलं ना सिस्टर? गावातले डॉक्टर आले होते. म्हणाले, सिस्टरनी सांगितलंय. ताकदीचं सलाईन आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी धुळ्याच्या एका दवाखान्यात आयुष्यभर लेबर रूमची सिस्टर होते. रिटायर झाल्यावरही बाया फोन करतात. घरी बाळंतपण करायचं म्हणणाऱ्या बहुतेक जणींना मी गुमान दवाखान्यात जा म्हणून सांगते. मला त्याचं काही वेड नाही. पण सोनगीरची पल्लवी शाळेत शिकवणारी, विचार करून बोलणारी बाई. तिच्या पहिल्या बाळंतपणात दवाखान्यात तिला न विचारता कळांचं औषध दिलं होतं, न सांगता खाली कात्री लावली होती, आणि ती रडली तेव्हा एक आया म्हणाली होती, "नवऱ्याजवळ गेलीस तेव्हा नाही का रडू आलं?" असलं बोलणाऱ्या बायका मी माझ्या ड्युटीतही पाहिल्यात. त्यांना काय म्हणावं ते इथे छापता येणार नाही.

"मला दुखलं तर चालेल," पल्लवी म्हणाली होती. "पण माझ्या अंगाला हात लावण्याआधी मला विचारलं पाहिजे."

तिचं दुसरं बाळंतपण, रक्त चांगलं, बाळ डोक्याकडून, सोनोग्राफीत काही वावगं नाही. तरी मी अटी घातल्या. गाडी दारात, तोंड हायवेकडे करून. धुळ्यातल्या एका डॉक्टर मॅडमना आधीच कल्पना. बाळ झाल्यावर रक्त जास्त गेलं तर त्याचं इंजेक्शन माझ्या बॅगेत, आणि ते मी देणार हे पल्लवीला कबूल. त्याआधी कसलंही औषध नाही. मी "निघा" म्हटलं की निघायचं, वाद नाही. महिनाभर तिची तयारी करून घेतली. कळ आली की कसं बसायचं, कधी चालायचं, कधी गुडघ्यांवर ओणवं व्हायचं. सासरे आबा आणि सासू अक्का या दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. दोघांनी माना डोलावल्या.

त्या दिवशी सकाळी कळा सुरू झाल्या. सगळं शिस्तीत चाललं होतं, फक्त सावकाश. पिशवीचं तोंड, म्हणजे गर्भाशयाचं दार, हळूहळू उघडत होतं. बाळाचे ठोके छान होते. आबा मात्र सारखे मोबाईलवर पंचांग बघत येरझाऱ्या घालत होते.

"सिस्टर, किती येळ?"

"बाळाला विचारा," मी म्हटलं.

दुपारी अक्कांनी जेवायचा धोशा लावला. वरण-बट्टी, घोटलेल्या वांग्यांची भाजी. आमच्या खान्देशात पाहुण्याला ताटावरून उठू देतील तर शपथ. मी दोन घास खाऊन उठायला लागले की अक्का तूप ओतायच्या. "अशी कशी उठतीस बाई? आजून एक बट्टी खाई ले. नीलेश बठेल शे ना तिनाजोडे." नीलेश तिच्याजवळ बसलाय म्हटल्यावर मी बसले; मला वाटलं, माया आहे. माया कसली डोंबलाची! मला ताटावर अडकवून ठेवायचं होतं. तेवढ्यात मागच्या दारानं डॉक्टर आत. त्याच्या पाटीवर नाव मोठं, डिग्री इतकी बारीक की वाचायला चष्मा लागतो.

मी आधी नळी बंद केली, सुई काढली. कोपऱ्यात फोडलेली अँपूल पडली होती. उचलून वाचली. ऑक्सिटोसिन. कळा वाढवायचं औषध.

हे औषध वाईट नाही. दवाखान्यात आम्हीही देतो, पण थेंब मोजून, शेजारी बसून, ठोके ऐकत. कारण दोन कळांच्या मधे पिशवी सैल पडते, तेव्हाच बाळाला पुरेसं रक्त मिळतं. हे औषध धो-धो सोडलं की पिशवी सैलच पडत नाही. आत बाळ गुदमरतं. मी पोटावर हात ठेवला. फळीसारखं कडक. डॉपलर, म्हणजे बाळाचे ठोके ऐकायचं छोटं यंत्र, लावलं. ठोके पडत होते.

"पल्लवी, डाव्या कुशीवर वळ. मी काही पाठवलं नव्हतं, पोरी. हे कळांचं औषध होतं."

तिनं नीलेशकडे पाहिलं. ती नजर मला अजून आठवते.

"गाडी काढ," मी नीलेशला म्हटलं.

आबा दारात आले. "थांबा ना जरा. संध्याकायले मूळ लागी राहिनं. पोऱ्या मूळमा व्हवाले नको. बापले जड जास."

मूळ नक्षत्रावर झालेलं मूल बापाला वाईट, ही समजूत; म्हणून मूळ लागायच्या आत बाळ बाहेर काढायची ही घाई. म्हणजे बापाला जड जाऊ नये म्हणून आईला आणि बाळाला सुळावर चढवायचं!

"आबा," मी ओरडले, चांगली गल्लीत ऐकू जाईल अशी ओरडले, "मुळाची शांत करता येते. हे ठोके बंद पडले तर कसली शांत कराल? व्हा बाजूला!"

ते बाजूला झाले. नीलेशनं गाडी हाणली. मी मागे पल्लवीजवळ डॉपलर धरून. औषध थांबल्यामुळे पिशवी जरा सैल पडायला लागली, ठोके वर यायचे, पुन्हा घसरायचे. पल्लवी एकदाच बोलली. "सिस्टर, आता मला काही विचारत बसू नका. बाळाला वाचवा."

धुळ्यात मॅडम तयारच होत्या; मी गाडीतूनच फोन केला होता. त्यांनी पल्लवीला विचारून कप लावला, म्हणजे बाळाच्या डोक्याला वाटीसारखं साधन लावून कळेबरोबर ओढलं. मुलगी झाली. रडली नाही. तोंड साफ केलं, पाठ चोळली, तोंडावर मास्क धरून रबरी फुग्यानं श्वास दिला. आणि मग रडली. मीही रडले, लपवत नाही. तिला काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, मग आईजवळ आली. आता ती धडधाकट आहे. जन्मली ती मूळ लागल्यावरच.

तोवर आबा-अक्का मागून पोचले होते. मॅडम बाहेर आल्या. "ऑक्सिटोसिन कोणी दिलं?"

आबांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या सिस्टरनी. आमले काय समजस?"

मी नीलेशकडे बघितलं. बँकेत नोकरी करतो, शर्टाला इस्त्री, तोंडाला कुलूप. मी तोंड उघडणार, तेवढ्यात स्ट्रेचरवरून आवाज आला. पल्लवीला वॉर्डात नेत होते.

"खोटं बोलू नका, आबा. सुई टोचली तेव्हा तुम्ही माझा हात दाबून धरला होता. आणि यांनी बाटली धरली होती."

नीलेश म्हणाला, "अगं, तुझ्या भल्यासाठीच..."

"माझ्या माहेरी फोन लावा," ती मॅडमना म्हणाली. "मी इथून थेट तिकडे जाणार."

आणि ती गेली. थोरल्या मुलाला बाळंतपणासाठी आधीच तिकडे ठेवलेलं होतं. आबांनी शांत केली म्हणे, भटजी बोलावून, साग्रसंगीत. सून आणि नातवंडं नसलेल्या घरात.

अजूनही फोन येतात. मी रिपोर्ट नंतर बघते. आधी घरच्यांना समोर बसवते आणि विचारते, "हिनं नको म्हटलं, तर या घरात ते कोण कोण ऐकणार?" ज्या घरातले लोक उत्तर द्यायच्या आधी एकमेकांची तोंडं बघतात, तिथे मी चहासुद्धा घेत नाही.