क्लबचं पिस्तूल, उदगीरवालीचं पिस्तूल आणि माझी चुकांची वही

माझ्याकडं ती वही अजून आहे. कव्हरवर जाड मार्करनं ‘बायोलॉजी : चुका’ असं लिहिलंय आणि आत बायोलॉजी दीड पान. बाकी सगळं पिस्तूल. डावीकडं क्लबचं पिस्तूल, उजवीकडं उदगीरवालीचं पिस्तूल, मधे स्केलनं मारलेली लाल रेघ, खाली निष्कर्ष. निष्कर्ष असा, की माझ्यात काहीच दोष नाही. सतराव्या वर्षी इतकं ठाम मी दुसऱ्या कशाबद्दल लिहिलेलं नाही.

थांबा, पहिल्यापासून सांगते, न्हाईतर मी अशीच सुटते.

मी नांदेडची. दहावीला मार्क बरे पडले आणि घरात काही बोलणं व्हायच्या आधीच माझी बॅग भरलेली होती, कारण आमच्याकडं बरे मार्क पडलेलं लेकरू लातूरला जातं. का, असं कुणी विचारत नाही. तिथं सकाळी क्लास, दुपारी क्लास, रविवारी टेस्ट आणि मंगळवारी त्या टेस्टचा नंबर भिंतीवर. मेसच्या काकू नंबर बघून पोळी वाढतात असा मला संशय होता. संध्याकाळी पाच ते साडेसहा तेवढं मोकळं.

माझी रूममेट उदगीरची. होस्टेलात नावानं कुणी हाक मारायचं नाही, गावानंच मारायचं, म्हणून ती उदगीरवाली आणि मी नांदेड. ती आठवीपासून पिस्तूल शूटिंग करायची. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, “चल की रेंजवर. हितं बसून माशा मारायलीस.” मी गेले, आणि पहिला छर्रा नेमाच्या कार्डाच्या बाहेर मारूनसुद्धा मला वाटलं, आपण ह्याच्यासाठीच जन्माला आलो.

रेंज म्हणजे फार काही डोळ्यापुढं आणू नका. भूकंपानंतर शाळा भरवायला उभं केलेलं पत्र्याचं लांब शेड. शाळेला पुढं पक्की इमारत मिळाली, शेड उरलं. आमच्या क्लबच्या सरांनी त्यात दहा मीटर मोजून एका टोकाला फळ्या ठोकल्या आणि दोरीवर सरकणारी कार्डं लावली, मधल्या रिंगणाला दहा मार्क, बाहेर जाल तसे कमी. पिस्तुलं हवेच्या दाबावरची. दिवाळीत पोरं वाजवतात त्यापेक्षा आवाज कमी, पण मी घरी फोनवर सांगताना तो बराच वाढवला होता.

सर औसा तालुक्यातले. भूकंप झाला तेव्हा ते चौथीत होते. त्यानंतर कित्येक वर्षं त्यांच्या आईनं झोपायच्या आधी एका पेल्यावर दुसरा पेला उपडा ठेवला. जमीन हलली तर पडून आवाज व्हावा म्हणून. सरांनी ती सवय रेंजवर आणली. खिडकीत स्टीलचे दोन पेले, एकावर एक, कायम. एकदा माझा छर्रा चारच्या रिंगणात गेला तेव्हा मी वळून म्हणाले, “सर, आत्ता जमीन हलली.”

सरांनी खिडकीकडं बघितलं. “पेले उभे हायत बाई.”

“मग ट्रक गेला असेल रोडनं.”

“ट्रकनं पण पडतेत ते. तूच हललीस.”

पुढं महिनाभर मी काही विसरले की उदगीरवाली विचारायची, “का गं, भूकंप झाला का?”

आता मुद्द्याचं. पप्पा सरकारी ऑफिसात, फायलीतला माणूस, शब्दाचे पक्के. माझा भिंतीवरचा नंबर घसरायला लागला तेव्हा ते लातूरला आले, मेसमधली भाजी खाऊन बघितली, हात धुतला आणि म्हणाले, “नांदेडला विभागाची निवड हाय ना तुमची? पहिल्या तिघींत नाव आलं तर चालू ठेव. न्हाई आलं तर परीक्षा होईपर्यंत रेंज बंद. कबूल?”

“कबूल.”

“नंतर रडारड न्हाई.”

“कबूल म्हणलं ना पप्पा.”

कबूल म्हणून टाकलं आणि रात्री वाटलं, हे काय कबूल करून बसले. कारण दिवसभर मी दुसऱ्यांनी आखलेल्या खोक्यांत बसायचे. तो दीड तासच माझा होता. तिथं भिंतीवर माझं नाव कितव्या नंबरला आहे हे मला आठवायचं नाही. हे मी वहीतसुद्धा लिहिलं नाही, लाज वाटली.

मग मी अभ्यासू पोरगी जे करते ते केलं. दोष शोधायला लागले. आणि पहिला दोष समोरच होता, क्लबचं तीन नंबरचं पिस्तूल. त्याची लाकडी ग्रिप कुठल्यातरी दांडग्या माणसाच्या पंजासाठी केलेली. माझा हात त्यात म्हणजे मोठ्या भावाच्या बुटात पाय. ट्रिगर जड. मागच्या साइटचे, म्हणजे नेम धरायच्या खाचेचे, स्क्रू घासलेले. आणि उदगीरवालीचं? तसलंच पिस्तूल, त्याच कंपनीचं, पण सगळं सुधारलेलं. तिनं कणकेच्या गोळ्यात हात दाबून ठसा घेतला होता आणि तो उदगीरच्या एका सुताराकडं नेला होता. त्यानं ठशाबरहुकूम ग्रिप तासून दिली. ट्रिगर असा, की बोट ठेवलं की कळायचं कुठं सुटणार.

मी म्हणाले, “आपण शास्त्रीय तुलना करू. दोन्हीनं दहा दहा. तू पण, मी पण.”

“कर बाई. पण माझ्या स्क्रूला हात लावायचा न्हाई.”

“बरं.”

हा ‘बरं’ लक्षात ठेवा.

कारण एरवी, क्लबच्या पिस्तुलावर, मी स्क्रूला हात लावायचे. प्रत्येक शॉटनंतर. क्लासमधे आम्हाला तेच शिकवलेलं, प्रश्न सोडवला की लगेच उत्तर बघायचं, चुकलं की तिथंच दुरुस्त करायचं, चूक पुढं न्यायची नाही. मी ते रेंजवर आणलं. छर्रा डावीकडं गेला की दुर्बिणीतून बघायचं, खिशातला छोटा स्क्रूड्रायव्हर काढायचा, साइट एक क्लिक उजवीकडं. पुढचा वर गेला, एक क्लिक खाली. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “दहा मारल्याशिवाय कार्डाकडं बघायचं न्हाई, स्क्रूकडं तर बिलकुल न्हाई.” मला वाटलं हे कच्च्या पोरांसाठी असेल. मी तर भिंतीवर पहिल्या पन्नासात होते. तेव्हा.

तर तुलना. एका रविवारी, टेस्टनंतर. क्लबच्या पिस्तुलानं माझे अठ्ठ्याहत्तर, शंभरपैकी. उदगीरवालीच्या पिस्तुलानं माझे शहाऐंशी. मी नाचायचीच बाकी होते. मग तिनं माझं तीन नंबर घेतलं. दहा छर्रे मारले, एकदाही थांबली नाही, कार्ड ओढून आणलं. सत्त्याहत्तर.

“बघितलंस?” मी म्हणाले. “तुझ्या हातातसुद्धा हे पिस्तूल चालत न्हाई.”

ती कार्डाकडं बघून राहिली होती. “अगं पण...”

“सत्त्याहत्तर. माझ्यापेक्षा एक कमी.”

सरांनी ते कार्ड घेतलं. दहाच्या दहा छर्रे खाली डाव्या कोपऱ्यात, एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतके जवळ. सर म्हणाले, “हे नीट बघितलंस का बाई?”

“हाव सर. सत्त्याहत्तर.”

सरांनी ते कार्ड माझ्या लेनच्या वर खिळ्याला अडकवलं आणि चहा प्यायला गेले. ते दोन महिने तिथं लटकत होतं. मी रोज त्याच्याकडं बघायचे आणि रोज मला पिस्तुलाचा दोष दिसायचा.

मग मी पप्पांना फोन केला. सगळा तक्ता वाचून दाखवला. पप्पांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “फिजिक्सला मार्क कमी पडले तेव्हा पेन कुठला होता?”

पप्पांकडून काही होणार नाही हे कळल्यावर मी स्वतःच सुधारणा करायचं ठरवलं. आधी कणीक. काकूंकडं गोळा मागितला.

“खायला की खेळायला?”

“काकू, हाताचा ठसा घ्यायचाय.”

“घे. आणि ती पोळी रात्री तूच खायची.”

ठसा झाला, पण लातुरात माझ्या ओळखीचा सुतार नव्हता, आणि ग्रिप क्लबची, तासायची कशी. म्हणून तिच्यावर मुरगळलेल्या पायाला बांधतात ती पट्टी गुंडाळली. हात जरा भरला. मग ट्रिगर. तिथं एक बारीक स्क्रू असतो. तो मी पाव फेरा सैल केला, ट्रिगर हलका झाला. छान वाटलं. अजून पाव. लईच छान वाटलं. सरांना सांगितलं नाही. सांगायचं काय, मी संशोधन करून राहिले होते.

निवड नांदेडला, माझ्या गावात. पप्पा ऑफिसातून रजा काढून आलेले, बरोबर अर्धापूरच्या केळ्यांचा अख्खा घड, सगळ्या पोरींना वाटायला. मी लांबूनच हात केला. आणि गेले पिस्तूल तपासणीच्या टेबलाशी.

तिथं काय करतात, पिस्तूल उभं धरून ट्रिगरला अर्ध्या किलोचं वजन अडकवतात आणि उचलतात. वजन उचललं गेलं आणि ट्रिगर सुटला नाही, तर पास. त्यापेक्षा हलका ट्रिगर चालत नाही. हा नियम मला माहीत होता. पाठ होता. पंचांनी वजन अडकवलं. टक्. ट्रिगर सुटला.

“पुन्हा एकदा,” पंच म्हणाले. टक्.

“स्क्रू कुणी फिरवला?”

माझ्यामागं रांगेत उदगीरवाली. कानाशी येऊन म्हणाली, “भूकंप झाला म्हण.”

सर आले. माझ्याकडं एकदा बघितलं, रागावले नाहीत, आणि त्यानंच मला जास्त वाईट वाटलं. ट्रिगरचा स्क्रू घट्ट केला, पट्टी सोडली, गुंडाळी करून स्वतःच्या खिशात टाकली. मग हात पुढं केला. “दुसरं काय हाय खिशात?”

मी स्क्रूड्रायव्हर दिला.

ह्या सगळ्यात सरावाच्या शॉटचा वेळ संपला. मी तशीच उभी राहिले, मोठ्या भावाच्या बुटात पाय घालून, जड ट्रिगरवर बोट ठेवून, आणि समोर चार कार्डं, प्रत्येकावर दहा. मागं पप्पा, केळ्यांचा घड मांडीवर घेऊन. पहिला छर्रा मारला. खाली डावीकडं, आठ. हात खिशाकडं गेला, खिसा रिकामा. दुसरा मारला. खाली डावीकडं. तिसरा, चौथा, तिथंच. करणार काय, मारत राहिले.

दहा झाले आणि कार्ड ओढून आणलं. शहात्तर. आणि मला ते कार्ड ओळखीचं वाटलं. खिळ्यावरचं. सगळे छर्रे एकाच कोपऱ्यात, गर्दी करून. दोन महिने ते माझ्या डोक्यावर लटकत होतं आणि सांगून राहिलं होतं, की पिस्तूल जिथं मारायचं तिथंच मारतंय बाई, तूच दर वेळेला त्याची दिशा हलवून ठेवतेस. उदगीरवालीच्या पिस्तुलानं मला शहाऐंशी मिळाले ते कणकेनं नाही, सुतारानं नाही. तिच्या स्क्रूला हात लावायचा नव्हता, त्या दहा शॉटमधे माझे हात बांधलेले होते म्हणून.

मी पिस्तूल खाली ठेवून सरांकडं गेले. “सर, स्क्रूड्रायव्हर.”

“किती?”

“वर सहा, उजवीकडं चार. एकदाच.”

त्यांनी दिला, मी फिरवला, परत दिला. पुढची कार्डं अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद, नव्वद. तीन नंबरच्या पिस्तुलानं. त्या दांडग्याच्या ग्रिपनं.

मी चौथी आले. दोन मार्कांनी.

उदगीरवाली पहिली. ती माझ्याजवळ येऊन नुसती उभी राहिली, एकही टोमणा न मारता, आणि तिच्याकडून हे फार होतं.

पप्पांनी मला केळं दिलं. स्वतः एक सोललं आणि म्हणाले, “ते वजन अडकवलं तेव्हा काय झालं ते मला कळलं न्हाई. तुला दिलेलं पिस्तूल खराब होतं का? तसं असंल तर ते तुझ्या हातातलं न्हाई. मग मी माझं म्हणणं मागं घेतो.”

बघा म्हणजे. पप्पा, शब्दाचे पक्के पप्पा, स्वतःहून दार उघडं करून उभे होते. मला फक्त ‘हाव’ म्हणायचं होतं. पुरावासुद्धा होता, तक्ता, लाल रेघ, निष्कर्ष. त्याच वहीची पानं मी त्यांना आधी फोनवर वाचून दाखवली होती.

“न्हाई पप्पा,” मी म्हणाले. “पिस्तूल चांगलं हाय.”

“मग?”

“मग रेंज बंद.”

पप्पांनी मान हलवली. आणि मी रडले, कबूल केलं होतं तरी. पप्पा म्हणाले, “खा ते केळं,” आणि रडारडीचा विषय काढला नाही.

लातूरला परत येऊन पिस्तूल जमा करायला गेले. नियम असा, की सोडताना साइट मधोमध आणून द्यायची. मी स्क्रूड्रायव्हर मागितला तर सर म्हणाले, “राहू दे. आत्ताच तर बसलंय तुझ्या हाताला.” त्यांनी पिस्तुलाच्या डब्यावर कागद चिकटवला, ‘स्क्रू फिरवू नये’. खिळ्यावरचं कार्ड काढून मला दिलं. ते मी वहीत ठेवलं, निष्कर्षाच्या पानावर, म्हणजे निष्कर्ष झाकला जाईल.

परीक्षा झाली. मेडिकलला नंबर लागला नाही, आता मी नांदेडला फिजिओथेरपी करते आणि लोकांच्या मुरगळलेल्या पायांना पट्ट्या बांधते, योग्य जागी. पण परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी मी रेंजवर गेले होते. खिडकीत पेले उभे होते. डब्यावर कागद होता. तीन नंबर उचललं, दहा मारले, कार्डाकडं न बघता. मग बघितलं. सगळे वर, उजवीकडं, एका गठ्ठ्यात.

शेजारच्या लेनवर अकरावीची एक नवी पोरगी होती. माझ्याकडंच बघत होती.

“दीदी,” ती म्हणाली, “ते नका घेऊ. ते पिस्तूलच खराब हाय. मी लई दिवस झाले नीट करून राहिले त्याला.”

मी तिच्यापुढं हात पसरला.

“स्क्रूड्रायव्हर दे.”