बुटका ओटा

शालिकराम कापगते यांना घरं पाहण्याचा नाद होता. कुणाला पत्त्यांचा असतो, कुणाला कुस्त्यांचा, यांना घरांचा. भिलाईच्या प्लांटमध्ये क्रेन चालवणारा हा साकोलीकडचा गृहस्थ रविवारी बायकोला स्कूटरवर बसवून निघायचा, तो कोहक्यापासून कुम्हारीपर्यंत विकाऊ घर दिसेल तिथे उतरायचा. भिंतीवर टिचक्या मारायच्या, नळ सोडून धार पाहायची, न्हाणीत तांब्याभर पाणी ओतून ते कुठल्या कोपऱ्याला जातं ते बघायचं. पारख मात्र पक्की. प्लांटमधल्या शेषरावांनी त्यांच्या शब्दावर घर घेतलं, आणखी दोघा-तिघांनी घेतलं. वास्तुशांतीला पहिल्या पंगतीत शालिकराम, आणि जेवून परत आपल्या क्वार्टरमध्ये.

क्वार्टर निवृत्तीनंतर सोडावं लागणार होतं आणि नोकरीची तीन वर्षं उरली होती. तरी दलालानं विचारलं, "कापगतेजी, बैंक में बात हुई क्या?" की यांचं उत्तर ठरलेलं, "पहले घर तो पसंद आने दो." घर ठरायच्या आधीच बँकेत जाऊन, आम्हाला किती कर्ज देता ते लिहून द्या म्हणायचं, ही गोष्टच त्यांच्या पचनी पडत नसे. चारचौघांत ते कारण सांगत की बँक ऑफिसात चौकशी करते, आणि चौकशी आली की क्वार्टर खाली करायची नोटीस निघते. हे त्यांना कँटीनमध्ये कुणीतरी सांगितलं होतं. खरं-खोटं करायला ते कधी गेले नाहीत.

खरं कारण निराळंच होतं, ते सांगूनच टाकतो. नात्यागोत्यात शालिकराम "तीस-पस्तीस लाखांपर्यंत पाहून राहिलो" असं सांगत. एवढं कर्ज बँक आपल्याला देणार नाही, हे त्यांना आतून कळत होतं. बँकेत गेलं की कालचं पोरगं कागद चाळून एक आकडा सांगणार, आणि त्या दिवसापासून आपली किंमत तेवढीच. विचारलं नाही तोवर नाही म्हणणारं कुणी नव्हतं. साधी भीती होती, दुसरं काही नाही.

मैनाबाई एरवी स्कूटरपाशीच उभ्या राहत. नवऱ्याचा नाद म्हणून त्या येत, एवढंच. पण कोहक्याच्या नरहरी गुरुजींच्या घरी गेले त्या दिवशी ऊन फार होतं, म्हणून त्या आत गेल्या आणि स्वयंपाकघरात येऊन थबकल्या. मैनाबाई ठेंगण्या. क्वार्टरमधला ओटा त्यांना उंच पडे, म्हणून लग्न होऊन आल्यापासून त्यांनी पाटावर उभं राहून स्वयंपाक केला होता. एकदा पाट घसरून हातावर तेल सांडलं, त्याचा डाग अजून आहे. पण क्वार्टर सरकारी; त्यात खिळा ठोकायचा तरी शालिकराम नको म्हणत. गुरुजींची बायकोही ठेंगणीच, आणि इथला ओटा तिच्या मापानं बांधलेला. मैनाबाई त्याच्यापुढे उभ्या राहिल्या, दोन्ही हात ओट्यावर टेकवले. पाय जमिनीवर होते.

"अजी, हे घ्या," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा काही मागितलं होतं.

गुरुजी भला माणूस. म्हणाले, "दुसरी एक पार्टी आहे, त्यांच्याजवळ बँकेची मंजुरी तयार आहे. पण तुम्ही आपल्याकडचे. रविवारपर्यंत बँकेचं लिहून आणा, घर तुमचं."

मंगळवारी शालिकराम बँकेच्या दारापर्यंत गेले. आत बाकावर विजयकुमार बसलेला दिसला. हा त्यांच्याच ऑफिसात पगाराची बिलं करायचा. झालं, आता सगळ्या ऑफिसभर होणार, असं मनात आलं आणि ते आल्या पावली परत फिरले. येताना दोन किलो टमाटर घेतले, म्हणजे बाहेर गेल्याला काही निमित्त झालं. मग बुधवारी शिफ्ट बदलली, गुरुवारी अंग कसकसलं, शुक्रवारी स्कूटर बिघडली. रविवारी गुरुजींचा फोन आला. घर गेलं होतं.

"बँकवाले काय म्हनले?" मैनाबाईंनी विचारलं.

"नाही म्हनले," शालिकरामांच्या तोंडून निघून गेलं.

मैनाबाईंनी त्यांच्यापुढे पाणी ठेवलं. "जाऊ द्या. येवढी वर्सं इमानानं नोकरी केली, ते त्यायले दिसलं नाही. त्यात तुमचा काय दोष?" एवढं बोलून त्या पाटावर चढल्या आणि पोळ्या लाटायला लागल्या.

त्या रात्री शालिकराम अर्ध्या जेवणावरून उठले. बँकेनं नाही म्हटलेलं नसताना त्यांनी बायकोची दया घेतली होती. त्यांना लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ते लेकीला, दामिनीला घेऊन बँकेत गेले. ती दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला होती. बाकावर पुन्हा विजयकुमार! तो स्वतःच घराच्या कर्जासाठी खेटे घालत होता, आणि यांना पाहून तोच ओशाळला. "काका, ऑफिसात बोलू नका बरं." नोटिशीचं विचारलं तर हसला, "बँकेची चौकशी माझ्याच टेबलावर येते. त्यावरून नोटीस कधी निघाली नाही."

अर्जात दामिनीचं नाव जोडीला लागलं आणि आठवडाभरात मंजुरीचं पत्र हाती आलं. आकडा नातेवाइकांना सांगितला होता त्याहून बराच कमी होता, पण कोहक्याच्या घराला पुरून उरला असता. शालिकराम त्या आकड्यानं बोटभरही आखूड झाले नाहीत.

घरी येऊन त्यांनी पत्र मैनाबाईंच्या हातात दिलं. "त्या दिवशी मी आत गेलोच नोहतो. दारातून परत आलो."

मैनाबाईंनी लाटणं खाली ठेवलं. "म्हंजे बँकेनं नाही म्हनलंच नोहतं?"

"नाही. घर मी घालवलं."

पुढे दोन दिवस मैनाबाई ताट वाढून पुढे सरकवत आणि पाठ फिरवत. शालिकराम आपणहून भांडी घासायला बसले, तर त्यांच्या हातातून भांडं ओढून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "रविवारी घर पाहाले जाऊ. आता मी पाहीन. तुमी कागद धरा."

कुम्हारीच्या वाटेवरच्या त्या घरात शालिकरामांनी एकही टिचकी मारली नाही. पत्राची पिशवी छातीशी धरून ते बायकोच्या मागे मागे फिरले. स्वयंपाकघरात आले आणि त्यांचा चेहरा उतरला. ओटा मैनाबाईंच्या छातीपर्यंत येत होता, क्वार्टरमधल्यापेक्षाही उंच.

"चाल, दुसरं पाहू," ते हळूच म्हणाले.

"कावून?" मैनाबाईंनी ओट्यावर थाप मारली. "आपलं झालं तं हे फोडता येते ना." आणि नवा ओटा कुठवर हवा, ते त्यांनी कमरेशी हात धरून दाखवलं.